चार अंशांची खोटी साक्ष

प्रति,
तापमान सेन्सर,
फ्रिजचा खालचा कप्पा, मागच्या भिंतीवरची पांढरी जाळी.

विषय: तुझी खोटी साक्ष आणि तिच्यामुळे झालेलं नुकसान.

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुला तो लिहिलेला नाही, आणि तो अनवधानाने राहिलेला नाही. पत्र खुलं ठेवते आहे, कारण तू एकटा नाहीस. तुझ्यासारखे घरोघरच्या फ्रिजमध्ये जाळीमागे बसलेले आहेत. त्यातले बहुतेक सरळ वागतात, आणि जे वागत नाहीत त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. शिक्षा कॉम्प्रेसरला होते, गॅसला होते, कार्डाला होते, दाराच्या रबराला होते. तू आपला जाळीमागे सुखरूप.

काय केलंस ते आधी सांगते. दिवाळी होऊन गेली आणि भाजीच्या ट्रेमधल्या काकड्या आरपार दिसायला लागल्या. कोथिंबिरीचा काळा लगदा झाला. दुधाच्या पिशवीत बर्फाचे खडे लागायला लागले. दारावरच्या पट्टीत मात्र ४ हा आकडा ठाम होता. घरात ज्याने त्याने आपापलं कारण काढलं: भाजी मागे सरकली असेल, थंडी वाढली असेल, मुलांपैकी कुणी बटणं दाबली असतील. तुझ्यावर कुणाचाही संशय नव्हता. प्रकरण एवढ्यावर थांबलं असतं तर मी कागद हातात घेतला नसता. काकडी गेली तर दुसरी आणता येते.

पण त्याच कप्प्यात माझ्या आईचं इन्सुलिन होतं.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं, आणि ते एकदा गोठलं की फेकून द्यायचं असतं. नंतर वितळलं तरी वापरायचं नाही. हे त्याच्या खोक्यातल्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यातला घात असा की वितळल्यानंतर ते पुष्कळदा पहिल्यासारखंच दिसतं. इन्सुलिनची नवी काडी (कार्ट्रिज) फ्रिजमधून काढून इंजेक्शनच्या पेनात घातली आणि आईची साखर चढायला लागली. तिने काय केलं माहीत आहे? तिने स्वतःला दोष दिला. फराळाच्या दिवसांत आपल्याकडून दोन करंज्या जास्त गेल्या असतील, असं म्हणून तिने रात्रीचा भात सोडला, संध्याकाळच्या चहातली साखर तर आधीच सुटली होती. तू सकाळ-संध्याकाळ खोटं सांगत होतास आणि पथ्य ती वाढवत होती. याचा हिशोब तुझ्याकडे मागते आहे.

तुझा माग पहिल्यांदा काढला तो डॉक्टरांनी. त्यांनी डोस वाढवायच्या आधी एकच विचारलं, "इन्सुलिन ठेवता कुठे?" फ्रिजमध्ये, मधल्या फळीवर, मागच्या बाजूला, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "त्या फळीवर रात्री पाण्याचा पेला ठेवून बघा." सकाळी पेल्यावर बर्फाची साय धरली होती. दारावर ४.

पेल्यातलं पाणी हा साधा आणि फार भरवशाचा उपाय आहे. फ्रिजमधली हवा दार उघडलं की तापते आणि पंखा फिरला की गार होते, तिचं तापमान क्षणाक्षणाला हलतं. पाणी सावकाश बदलतं, म्हणून रात्रभर ठेवलेल्या पेल्यात बुडवलेला थर्मामीटर कप्प्याची खरी सरासरी सांगतो. माझ्या पेल्याला थर्मामीटरचीही गरज पडली नाही. पाणी गोठलं म्हणजे शून्याच्या खाली गेलं, मग पट्टीवर काहीही लिहिलेलं असो.

त्या पट्टीबद्दलही इथेच बोलते, कारण ती तुझी साथीदार आहे. पुष्कळ फ्रिजच्या दारावर जो आकडा दिसतो तो आतलं तापमान नसतोच. तो आपण ठरवून दिलेला आकडा असतो. आपण ४ मागितले, तिने ४ लिहून ठेवले. आत दूध गोठो वा नासो, ती ४ म्हणत राहते. लोक ती पट्टी बघून निश्चिंत होतात, आणि तसं व्हावं अशाच दिमाखात ती दाराच्या मधोमध बसवलेली असते.

आता तुझी ओळख लोकांना करून देते. तांदळाच्या दाण्याएवढं तुझं डोकं. आत मँगनीज, निकेल अशा धातूंच्या ऑक्साइडचा भाजलेला मणी, त्यावर इपॉक्सीचा लेप, मागे दोन वायरी. तुझ्या जातीला एनटीसी थर्मिस्टर म्हणतात. गार झालास की तुझा विद्युत रोध वाढतो, तापलास की कमी होतो. तांब्याच्या तारेचं याच्या बरोब्बर उलट असतं. हा उलटा स्वभाव मायकेल फॅरडेला १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये पहिल्यांदा दिसला होता. तुझ्या घराण्याची सुरुवात इतकी स्वच्छ निरीक्षणातून झालेली आहे, आणि तू तिला काळिमा लावलास.

तुझ्यासारख्या नेहमीच्या सेन्सरचा रोध २५ अंशांना १० हजार ओहम असतो. शून्य अंशाला तो जातीप्रमाणे २७ ते ३३ हजारांच्या दरम्यान पोचतो. फ्रीझरच्या उणे १८ला तो ६० हजारांच्या पुढे जातो. काही फ्रिजमध्ये ५ हजारवाले असतात, काहींत २ हजारांच्या आसपासचे, पण चाल सगळ्यांची तीच. शून्याच्या आसपास एका अंशाला साधारण पाच टक्के फरक पडतो. म्हणजे तुझ्या रोधात वीस टक्क्यांची गडबड झाली की फ्रिजचा अंदाज चार अंशांनी चुकला. चार अंश म्हणजे दूध टिकणं आणि दूध नासणं यातलं अंतर.

फ्रिज चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाची, मेकॅनिक ज्याला कार्ड म्हणतात त्याची, बाजू मी घेणार आहे, कारण त्याच्यावर अन्याय झालेला आहे. बोर्ड तुला एका ठरावीक रोधकाच्या मागे जोडतो, दोघांना मिळून ५ किंवा ३.३ व्होल्ट देतो आणि तुमच्या मधल्या बिंदूवर किती व्होल्ट उरले ते वाचतो. त्याच्या स्मरणात एक कोष्टक असतं: इतके व्होल्ट म्हणजे इतके अंश. त्याला डोळे नाहीत, त्वचा नाही. काकडी गोठली हे त्याला कळायला दुसरा मार्गच नाही. त्याच्यापुढे एकच साक्षीदार उभा असतो, तो म्हणजे तू. तू म्हणालास सहा अंश, तर तो कॉम्प्रेसर चालवणार आणि फ्रीझरकडून येणाऱ्या गार हवेची झडप उघडणार. यात त्याचा काय गुन्हा?

तू सरळ मेला असतास तरी चाललं असतं. हे रागाने म्हणत नाही, अगदी शब्दशः म्हणते आहे. तुझी वायर पूर्ण तुटली असती तर बोर्डाला अशक्य थंडी दिसली असती. वायरी एकमेकींना चिकटल्या असत्या तर अशक्य उष्णता दिसली असती. दोन्ही बाबतींत बोर्ड ओळखतो की हे तापमान घरगुती फ्रिजमध्ये असूच शकत नाही, आणि तो पट्टीवर बिघाडाचा कोड दाखवतो किंवा दिवा लुकलुकवतो. मेलेला सेन्सर पाच मिनिटांत सापडतो. तू मात्र जिवंत राहिलास आणि शक्य वाटेल एवढंच खोटं बोललास. सहा अंश कुणाला अशक्य वाटणार? बोर्डाने विश्वास ठेवला आणि कोड आलाच नाही.

खोटं बोलायची तुझी तऱ्हा मला उलगडली ती पाण्यामुळे. तुझ्या डोक्यावरचा लेप दिवसातून कितीतरी वेळा गार आणि कोमट होतो. दार उघडलं की दमट हवा आत येते, तुझ्यावर दव धरतं, पुन्हा गोठतं. वर्षानुवर्षं हे चाललं की लेपाला न दिसणाऱ्या भेगा जातात, वायर जिथे लेपात शिरते तिथून ओल आत जाते, आणि तुझ्या दोन पायांमध्ये विजेला एक चोरवाट तयार होते. समजा त्या चोरवाटेचा रोध १ लाख ओहम आहे. खोलीत, २५ अंशांना, तुझे १० हजार आणि ते १ लाख समांतर जोडले की मीटरवर ९ हजारांच्या किंचित वर दिसतात. फारसं काही बिघडलं आहे असं वाटतही नाही. पण शून्य अंशाला तुझे साडेबत्तीस हजार व्हायला हवेत, तिथे चोरवाटेमुळे साडेचोवीसच दिसतात, आणि बोर्डाच्या कोष्टकात साडेचोवीस हजार म्हणजे सहा अंश! गारवा जितका वाढेल तितकं तुझं खोटं वाढतं. बोर्डाला ४ अंश हवे होते. तुझ्याकडून ४ ऐकू येईपर्यंत कप्पा उणे दोनच्याही खाली जात होता. तिथेच इन्सुलिन होतं.

म्हणून मेकॅनिकदादांच्या हातून तू सुटलास. ते आले, त्यांनी दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहिली, झडप हलते का ते पाहिलं. तुला जाळीतून बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसलं आणि मीटर लावला. मीटर म्हणाला नऊ हजार आणि वर काही. "ताई, सेन्सर ओके आहे. दहाच्या आसपास दाखवतोय. कार्ड गेलंय." कार्ड बदललं. कार्डाच्या पैशांत तुझ्यासारखे कितीतरी सेन्सर आले असते. नव्या कार्डासमोरही तूच साक्षीला उभा, त्यामुळे पुढच्या आठवड्यात कोथिंबीर पुन्हा काळी. जुनं, चांगलं, निर्दोष कार्ड भंगारात गेलं.

दादांची चूक तुला खोलीत तपासण्यात होती. खोलीत तू सज्जन असतोस, पुसून कोरडा केला की आणखी सज्जन. खोलीतला आकडा दुसऱ्या बाजूनेही फसवतो. मे महिन्यात स्वयंपाकघर ३५ अंशांवर असतं, तेव्हा उत्तम सेन्सर साडेसहा हजार दाखवतो आणि तोच खरा आकडा असतो. छापील दहा हजार दिसत नाहीत म्हणून असे चांगले सेन्सर कचऱ्यात गेलेले आहेत. शेजारी खोलीचं तापमान मोजल्याशिवाय खोलीतल्या रोधाला काहीही अर्थ नाही.

तुला पकडायची जागा एकच, बर्फ. बर्फाचा चुरा करून पेला गच्च भरायचा, वर थोडंसंच पाणी घालायचं, ढवळायचं. बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत ते मिश्रण शून्य अंशावर ठरलेलं असतं. त्यासाठी महागडं उपकरण लागत नाही, निसर्गाने ते फुकट दिलेलं आहे. पाण्यात खडे तरंगत सोडले तर तळ शून्याच्या वर राहतो, म्हणून बर्फ जास्त आणि पाणी कमी. आधी फ्रिजचा प्लग काढायचा, मग सेन्सरचा जोड बोर्डापासून सोडवायचा. जोडलेल्या अवस्थेत मोजलं तर बोर्डावरचे रोधकही मोजणीत घुसतात. मीटरची टोकं दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून धरायची नाहीत. आपलं शरीरही वीज वाहतं, आणि मोठ्या रोधाच्या मोजणीत ते तुझ्याइतकंच खोटं मिसळतं. डोकं बर्फात बुडवून पाच-सात मिनिटं थांबायचं, आकडा हलायचा थांबेपर्यंत. आकडा सरकत असताना वाचला तर ती मोजणी नव्हे.

कोष्टक नसलं तर काय करायचं, हा खरा प्रश्न होता. फ्रिज बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारलं तर उत्तर आलं की ती माहिती अधिकृत तंत्रज्ञांसाठीच आहे. मग त्याच क्रमांकाचा नवा सेन्सर आणला आणि तुम्हा दोघांना एकाच पेल्यात शेजारी शेजारी बुडवलं. तो साडेबत्तीस हजारांवर स्थिरावला. तू साडेचोवीसवर. एकच बर्फ, एकच मीटर, आणि दोन साक्षी. यानंतर तुझ्या बाजूने बोलायला काहीही उरलं नाही.

पण तुझे भाऊबंद उलट दिशेनेही खोटं बोलतात, आणि त्याची झळ आमच्या शेजारच्या काकूंना लागली. त्यांच्या फ्रिजमध्ये सेन्सरचा जोड हिरवा पडला होता. गंजलेल्या जोडाचा रोध सेन्सरच्या रोधात मिळवला जातो, एकूण रोध वाढतो, बोर्डाला वाटतं की कप्पा आधीच पुरेसा गार आहे. कॉम्प्रेसर लवकर बंद. दूध संध्याकाळपर्यंत आंबट, वरण दुसऱ्या दिवशी फसफसलेलं. ५ अंशांच्या वर जंतूंची वाढ जोर धरते, म्हणून शिजवलेलं अन्न ५च्या खाली ठेवायला सांगतात. काकूंचा कप्पा नऊ-दहावर होता. त्यांना काय सांगण्यात आलं? "गॅस कमी झालाय."

गॅसच्या या निदानाबद्दल मला मनापासून चीड आहे. फ्रिजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो झाळलेल्या, बंद नळ्यांत फिरत राहतो, वर्षानुवर्षं तोच. तो कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे, आणि भोक न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे काही आठवड्यांनी पुन्हा तेच बिल. शिवाय आताच्या पुष्कळ फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो पेट घेणारा वायू आहे. घरगुती फ्रिजमध्ये तो थोड्याच ग्रॅमनी भरलेला असतो, पण निरोगी नळी विनाकारण कापून, स्वयंपाकघरात, शेगडीच्या शेजारी तो खेळ कशासाठी? सेन्सर मोजायला दहा मिनिटं लागतात आणि त्यात काहीही कापावं लागत नाही. क्रम कोणता असावा हे सांगायची वेळ येऊ नये.

गॅस खरंच कमी असेल तर फ्रिज स्वतः सांगतो. कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही, गार मात्र होत नाही, मागची किंवा बाजूची भिंत नेहमीसारखी तापत नाही, आणि आतल्या कॉइलवर सुरुवातीच्या टोकालाच थोडा बर्फ दिसतो, बाकी कॉइल कोरडी. काकूंच्या फ्रिजमध्ये यातलं काहीच नव्हतं. कॉम्प्रेसर चालला की झकास गार व्हायचं, फक्त तो लवकर थांबायचा. गार करायची ताकद शाबूत आहे आणि थांबायचा निर्णय चुकतो आहे, म्हणजे दोष निर्णयाला मिळणाऱ्या माहितीत आहे. माझ्याकडे उलट: कॉम्प्रेसर भरपूर चालतोय आणि खालचा कप्पाही गोठतोय. नुसतं कान देऊन ऐकलं, कधी सुरू, कधी बंद, तरी निम्मं निदान तिथेच होतं. जुन्या जाणत्या मेकॅनिकना हे कानाने कळायचं. ते आल्या आल्या दार उघडत नसत, आधी फ्रिजच्या मागे उभे राहत.

डीफ्रॉस्टच्या कॉइलवर चिमट्याने बसलेला तुझा आणखी एक भाऊ आहे, त्याचंही नाव या पत्रात घालते. कॉइलवरचा बर्फ वितळवायला हीटर लागतो, आणि पुरेसं वितळलं हे सांगणं त्याचं काम. त्याने घाईने "झालं" म्हटलं की थोडा थोडा बर्फ उरत जातो, एक दिवस कॉइल पूर्ण मढते, पंख्याची हवा अडते. वर फ्रीझरमध्ये आइस्क्रीम दगड, खाली भाजी कोमट. अशा वेळी घरची मंडळी बर्फ खरवडायला सुरी किंवा सराटा घेतात आणि नळीला भोक पाडतात. सेन्सरच्या खोट्यापायी चांगली गॅसची नळी गेली.

इतकं वाचून कुणी म्हणेल, इवल्याशा भागावर एवढा राग कशाला? रागाला कारण आहे. ज्यांच्या हाती मुलांच्या लशी असतात ते लोक तुझ्या जातीवर एकट्यावर विसंबत नाहीत, आणि घरातल्यांना मात्र विसंबायला लावलं जातं. प्राथमिक आरोग्य केंद्रात लशी ज्या आइस लाइन्ड रेफ्रिजरेटरमध्ये ठेवतात, तिथेही तेच २ ते ८ अंश. डीपीटी, हिपॅटायटिस बी अशा लशी गोठल्या की निकामी होतात. म्हणून तिथे फ्रिजच्या स्वतःच्या आकड्यावर न थांबता आत वेगळा थर्मामीटर ठेवतात, आणि दिवसातून दोनदा तापमान वाचून नोंदवहीत लिहितात. गोठल्याचा संशय असलेली कुपी हलवून तिचा गाळ किती वेगाने बसतो हे पाहायची एक ठरलेली चाचणीही आहे. २०१५ पासून लशींच्या साठ्यावर नजर ठेवणाऱ्या ईविन या सरकारी व्यवस्थेत तापमान नोंदवणारी स्वतंत्र यंत्रं शीतपेट्यांना जोडायला सुरुवात झाली. दुर्गम गावातल्या केंद्रातली परिचारिका दोन साक्षी घेते. शहरातल्या घरात माझ्या आईच्या औषधासाठी एकच साक्ष होती आणि ती खोटी होती.

आता तुझ्या शिक्षेचं. जाळी काढली, वायर कापली. तुझ्या जागी नवा बसला. इथेही फसायला जागा आहे, तीही सांगते. दुकानात "दहा केचा सेन्सर द्या" म्हटलं की कुठलाही दहा हजारवाला हातात पडतो. २५ अंशांना ते सगळे सारखेच. पण गार होताना कुणाचा रोध किती वेगाने चढतो हे प्रत्येक जातीचं वेगळं असतं. दुसऱ्या जातीचा लावला तर शून्य अंशाला २७ हजार आणि ३३ हजार एवढं अंतर पडू शकतं, आणि मग नवा कोरा सेन्सर पहिल्या दिवसापासून खोटा. भागाचा क्रमांक जुळवायचा, आणि बसवण्याआधी त्यालाही बर्फ दाखवायचा. वायरचा जोड पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळायची नाही. ती पट्टी ओल धरते आणि काही वर्षांत तोच हिरवा गंज. जोड झाळून त्यावर आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवली, तेवढंच काम नीट झालं की तुझी जागा घेणाऱ्याला बिघडायचं एक निमित्त तरी कमी होतं.

आईला खरं काय झालं ते सांगितलं. तिने आधी विचारलं, "म्हणजे करंज्यांमुळे नव्हतं?" नव्हतं. जुन्या काड्या फेकल्या, नव्या आणल्या, आता त्या मधल्या फळीवर पुढच्या बाजूला थर्मामीटरशेजारी असतात. तिचा भात पुन्हा सुरू झाला आहे.

राहिली एक मागणी, आणि ती तुझ्याकडे नाही, तुला बनवून बसवणाऱ्यांकडे आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचं पोर्टल सुरू झालं. ग्राहकाला आणि गल्लीतल्या मेकॅनिकला दुरुस्तीची माहिती मिळावी हा त्यामागचा विचार. त्या माहितीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी ओळ म्हणजे सेन्सरचं कोष्टक: उणे १८, शून्य, ५, २५ अंश, आणि त्यांच्यापुढे ओहम. त्यात कुठलं व्यापारी गुपित आहे? नवा भाग आणून पेल्यात बुडवला की ते कुणालाही मोजता येतं, मी मोजलं. ते लपवल्यामुळे गुपित राखलं जात नाही, फक्त चांगली कार्डं भंगारात जातात आणि निरोगी नळ्या कापल्या जातात. मेकॅनिकदादांना मी नंतर बर्फाचा पेला करून दाखवला. तुझा आकडा बघून ते बराच वेळ मीटरकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "ताई, हे कोष्टक आम्हाला कुणी दिलंच नाही." त्यांचं म्हणणं खरं आहे. पुष्कळ फ्रिजच्या पाठीवर वायरिंगचा नकाशा चिकटवलेला असतो. त्याच कागदाच्या कोपऱ्यात हे चार आकडे छापा. पुढच्या मॉडेलपासून नको, जे फ्रिज आज घराघरांत चालू आहेत त्यांचेही आकडे जाहीर करा.

तुझ्यावर आता विश्वास नसलेली,
एक गृहिणी